रोहिणखेड ते लुआंग प्राबांग

रोहिणखेडच्या शकील कंडक्टरची उभी हयात एसटीत गेली, पण बसचा प्रवास असा त्यानं कधी केलाच नव्हता. हे तो सांगायचा तेव्हा लोक हसायचे. बुलढाण्याहून निघायचं, राजूरचा घाट उतरायचा, मोताळा, मलकापूर करत बुऱ्हाणपूरला मुक्कामी जायचं आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत यायचं, यात त्याचे केस पिकले. पण एवढ्या वर्षांत त्यानं पाहिली ती माणसं. कोण चढलं, कोण उतरलं, कोण पोराचं वय कमी सांगतंय, कोणाची कोंबडी सीटखाली फडफडतेय. घाटात पळस फुलायचा तो प्रवाशांसाठी. शकील तेव्हा दांडीला पाठ टेकवून, पाय फाकवून, सुट्टे पैसे मोजत उभा असायचा.

त्या गाडीचे ड्रायव्हर होते वडनेर भोलजीचे भगवंतराव नारखेडे. दोघांची जोडी वीस-बावीस वर्षं टिकली. आगारातले लोक दोघांची नावं एका दमात घ्यायचे. वास्तविक दोघांमध्ये बोलणं असं फारसं व्हायचं नाही. शकील बोलायला लागला की थांबायचा नाही आणि भगवंतरावांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आडातून पाणी शेंदण्यासारखं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला, एवढ्यावर त्यांचा कारभार चालायचा. बुऱ्हाणपूरला मुक्कामाला भगवंतराव आपली शिदोरी सोडून जेवायचे आणि गाडीच्या टपावर जाऊन झोपायचे. शकील खाली बाकावर. एका गाडीत जन्म गेला, पण शेजारी शेजारी ते कधी बसले नव्हते. शकीलला भगवंतरावांचा चेहरा जेवढा ठाऊक होता, त्याहून त्यांची मान जास्त ठाऊक होती.

एकामागोमाग एक दोघेही निवृत्त झाले. भगवंतराव शेतात रमल्यासारखे दिसत होते. शकीलला मात्र घर खायला उठलं. दुपारी तो मोबाईल घेऊन पडवीत बसायचा आणि डोंगरातून जाणाऱ्या बसगाड्यांचे व्हिडिओ पाहायचा. कुठल्या कुठल्या देशांतले घाट, धुक्यातून वळणं घेत जाणाऱ्या बसा. आवडला की तो भगवंतरावांना पाठवायचा. भगवंतरावांचं उत्तर न चुकता यायचं, तेही एका ओळीचं. ‘गिअर उशिरा टाकला.’ ‘याले घाट जमत नाही.’ एकदा थायलंडच्या कुठल्याशा डोंगरातला व्हिडिओ पाठवला तेव्हा उत्तर आलं, ‘हा रस्ता पाहासारखा आहे.’ भगवंतरावांच्या मानानं हे म्हणजे भाषणच झालं.

शकीलची मुलगी नाजिश मलकापूरला ऑनलाइन कामांचं दुकान चालवायची. पासपोर्ट, रेल्वेची तिकिटं, पिकाचा विमा, सगळं तिच्याकडे व्हायचं. एका रविवारी भगवंतराव मलकापूरच्या बाजारात आले होते ते दुकानावर टेकले. शकील तिथंच होता. दोघं एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून बस पाहायला लागले, तशी नाजिश म्हणाली, “अब्बा, किती दिवस दुसऱ्याच्या बसा पाहत बसान? तुमी दोघं जाऊन काऊन नाही पाहत?”

शकील हसला. “कुठं? थायलंडले?”

“हाव. थायलंडले आता आपल्या लोकायले जाणं सोपं आहे. तिथून पुढं लाओसले जाता येते. पाठीवर बॅग टाकून पोरं-पोरी फिरतेत तिकडं, बसनं, या गावाहून त्या गावाले. तुमाले तर बसचीच सवय.”

शकीलनं भगवंतरावांकडे पाहिलं. आता हे उठतील, टोपी नीट करतील आणि बैल बांधायचे राहिले म्हणून निघतील, असं त्याला वाटलं. भगवंतरावांनी टोपी नीट केली आणि विचारलं, “पासपोर्टले फोटो किती लागतेत?”

घरी सांगायची वेळ आली तेव्हा शकील दोनदा पडवीत जाऊन परत आला. पण त्याची बायको ताहेरा एवढंच म्हणाली, “जा. रोज फोन करा. अन् तिथं कोनाले तिकीट मागू नोका.” वडनेरला रुखमाबाईंनी नवऱ्याला तारीख घालून दिली, तूर सोंगायच्या आत घरी. मग ज्वारीच्या पापडांसारखे धापोडे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्यांची बांधाबांध सुरू झाली. मलकापुरातून दोन पाठीवरच्या बॅगा आणल्या. शकीलनं आपली पोटावर अडकवली. नाजिशनं ती काढून पाठीवर टाकली, तर दहा पावलांवर ती पुन्हा पुढं आलेली. कंडक्टरची बॅग पुढंच असते, मागं ठेवली तर जीव थाऱ्यावर राहत नाही, असं त्याचं म्हणणं.

दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा दोघं निघाले. मुंबई, विमान, बँकॉक, हे सगळं त्यांनी डोळे मोठे करून आणि एकमेकांची बाही धरून पार पाडलं. बँकॉकहून बसनं चियांग माई या डोंगराळ भागातल्या शहरात उतरले आणि मग त्यांच्या जिवात जीव आला. समोर बसस्टँड होता. स्टँडवर फलाट होते, पाट्या होत्या, बाकावर पोतं घेऊन बसलेल्या बाया होत्या, गावाचं नाव ओरडणारा माणूस होता. शकील थोडा वेळ नुसता उभा राहून पाहत होता. “भाऊ,” तो म्हणाला, “आपलंच काम आहे हे. फक्त झाडून घेतेत रोज.”

पहिली अडचण जेवणाची होती. भगवंतराव माळकरी, त्यांना कांदा-लसूण चालायचा पण मासळीचा वासही नको. शकीलला हलाल पाहिजे. पहिला दिवस दोघांनी दशम्यांवर काढला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शकील मशिदीचा पत्ता विचारत निघाला, आणि एका गल्लीत त्याला हिरवा घुमट दिसला. फार पूर्वी चीनमधून खेचरांवर माल लादून डोंगर ओलांडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची ती वस्ती. चेहरे चिनी, बोली थाई. नमाज झाल्यावर एका म्हाताऱ्यानं शकीलचा हात दोन्ही हातांत घेतला. “सलाम आलेकुम” सोडून दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी ते बराच वेळ बोलले. बाहेर डोंगरातल्या लोकांचा बाजार भरला होता. भगवंतराव दोन्ही बॅगा सांभाळत तिथं थांबले होते. शकील आला तेव्हा त्यांच्या हातात सोयाबीनच्या दुधाचा ग्लास होता.

“कोन देलं?”

“त्या बाईनं. पैशे घेत नाही म्हनते.” भगवंतरावांनी एक घोट घेतला. “आपल्या वावरात इतकं सोयाबीन होते, पन याचं दूध मी आज पेलो.”

त्या म्हाताऱ्यानंच त्यांना हळदीच्या पिवळ्या रश्श्यातल्या शेवयांच्या दुकानात नेलं. तिथल्या बाईनं भगवंतरावांची माळ पाहिली, काय समजायचं ते समजली आणि त्यांना वेगळ्या भांड्यात भाज्या शिजवून दिल्या. पिवळं निशाण लावलेल्या दुकानात फक्त शाकाहारी मिळतं, हेही तिनंच खुणांनी सांगितलं. त्या दिवसापासून भगवंतराव कुठल्याही गावात उतरले की आधी पिवळं निशाण शोधायचे.

चियांग माईहून पाई नावाच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावर सातशेच्या वर वळणं आहेत. हाच तो ‘पाहासारखा’ रस्ता. छोट्या गाडीत दहा-बारा प्रवासी, बहुतेक तरणी गोरी पोरंपोरी. भगवंतराव पुढच्या बाकावर, ड्रायव्हरच्या मागं बसले. पहिल्या वळणाला त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला. दुसऱ्या वळणालाही. समोर ब्रेक नव्हता, एका पोरीची पिशवी होती आणि पिशवीत केळी होती. दहा वळणांत त्या केळ्यांचं शिकरण झालं.

“दाब ना बापा,” भगवंतराव पुटपुटत होते. “आता दाब. अरे, हॉर्न तरी दे.”

थाई ड्रायव्हर एका हातानं गाडी चालवत होता आणि गाणं गुणगुणत होता. भगवंतरावांचा घाम मानेवरून ओघळलेला शकीलला दिसला. शेजारच्या त्या केळीवाल्या पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं, पर्समधून एक गोळी काढली आणि ओकारीसाठीची प्लास्टिकची पिशवीही पुढं केली. भगवंतरावांनी मान ताठ केली. राजूरच्या घाटात तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला कोणी पिशवी देतं म्हणजे काय. त्यांनी हात जोडून नको म्हटलं. पुढच्या चार वळणांनंतर त्यांनी तीच पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली.

गाडी मध्ये चहाला थांबली तेव्हा भगवंतराव दगडावर बसून तोंड धूत होते. “शकील,” ते म्हणाले, “हे आगारात कोनाले सांगू नको.”

“नाही सांगत.” शकील दुसरीकडे पाहत हसू दाबत होता. “पन भाऊ, गाडी तुमी चालवू नका न. तो चालवून राह्यला ना. तुमी बाहेर पाहा.”

“बाहेर पाह्यलं तर रस्ता दिसते.”

“मंग रस्ता नका पाहू. डोंगर पाहा.”

भगवंतरावांना हे सुचलंच नव्हतं. उरलेल्या वळणांत त्यांनी मान वळवून डोंगराकडे पाहायचा खूप प्रयत्न केला. अर्ध्या वेळा जमलं. पिशवीवाल्या पोरीला त्यांनी पाईत उतरल्यावर केळ्यांचा अख्खा घड घेऊन दिला, आणि वरून दोन धापोडे. ती धापोडे तसेच कच्चे खायला लागली तेव्हा शकीलनं धावत जाऊन एका भजीवाल्याकडून ते तळून आणले. मग भजीवाल्यानंही एक तुकडा चाखला. असं करता करता पाईतल्या त्या गल्लीत सात-आठ माणसं धापोडे खात उभी राहिली.

पाईतून ते परत आले, उत्तरेला सरकले आणि मेकाँग नदीवरचा पूल ओलांडून लाओसमध्ये शिरले. पुलाच्या एका टोकाला गाड्या एकदम दुसऱ्या बाजूनं चालायला लागल्या. भगवंतराव बसमध्ये अर्धवट उभे राहिले. थायलंड आपल्यासारखं डाव्या हातानं चालतं आणि लाओस उजव्या, हे शकीलनं त्यांना समजावलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “म्हंजे दरवाजा बी तिकडून. कंडक्टरले सगळं उलटं शिकणं आलं.” स्वतः ड्रायव्हर असून त्यांना आधी कंडक्टरचा विचार सुचला, याचं शकीलला नवल वाटलं.

लुआंग नामथा हे डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव. तिथं ते भाताची कापलेली शेतं आणि लाकडी घरं पाहत भटकले. तिथून पुढं लुआंग प्राबांगला जायला आता रेल्वेही आहे. नाजिशनं फोनवर सांगितलं, रेल्वेनं जा, लवकर पोचाल. भगवंतरावांनी मान हलवली. रेल्वे बोगद्यातून जाते, बोगद्यात काय पाहायचं. म्हणून त्यांनी बस धरली. जुनी, जरा खिळखिळी, टपावर पोती आणि मोटारसायकल बांधलेली बस. ती पाहूनच दोघांना घरी आल्यासारखं वाटलं. शकीलला ‘सबायदी’ हा तिथला रामराम एव्हाना पाठ झाला होता. चढणाऱ्या प्रत्येकाला तो दारातच सबायदी म्हणायचा आणि आत सरका म्हणून हातानं खूण करायचा. लोक निमूट आत सरकायचे.

शकीलला खिडकी मिळाली होती. सकाळी दऱ्या ढगांनी भरलेल्या होत्या आणि बस ढगांच्या वरून चालली होती. उतारावर केळी, सागवान, मधूनच एखादं गाव, अंगणात वाळत घातलेलं झाडूचं गवत. कपाळ काचेला लावून तो पाहत राहिला. कोण चढलं, कोण उतरलं, याचं त्याला भान नव्हतं.

दुपारी बस जेवायला थांबली. तिथं वेताच्या टोपलीत चिकट भात मिळतो, त्याचा हातानं गोळा करून चटणीत बुडवून खातात. भगवंतरावांनी चटणीत मासळी असेल म्हणून आपली बरणी काढली आणि भाताला ठेचा लावून खायला लागले. बसचा ड्रायव्हर समोर बसला होता. त्यानं बरणीकडे बोट दाखवलं. भगवंतरावांनी सरकवली. त्यानं मोठा गोळा बुडवला, तोंडात टाकला, आणि दोघंही थोडा वेळ एकमेकांकडे पाहत राहिले. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं दुसरा गोळा बुडवला. मग त्यानं भगवंतरावांच्या हातांकडे पाहिलं, स्टीअरिंग फिरवल्याची खूण केली. भगवंतरावांनी मान डोलावली. जेवण झाल्यावर ड्रायव्हरनं त्यांना हाताला धरून पुढं आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं. शकील मागं खिडकीशी. पुन्हा जुन्यासारखंच झालं.

एका चढावर बस थोडी थांबली. लोक पाय मोकळे करून आले, बस निघाली. शकील दरी पाहत होता. बऱ्याच वेळानं त्यानं सहज पुढं नजर टाकली. ड्रायव्हरच्या शेजारी कोणीतरी बसलेलं होतं. पण ती मान भगवंतरावांची नव्हती.

शकील उठला. सगळ्या सीटा पाहिल्या. भगवंतराव कुठंच नव्हते. ड्रायव्हरला वाटलं होतं ते मागं मित्राकडे गेले, आणि मित्राला वाटलं होतं ते पुढं आहेत. घंटीची दोरी ओढायला शकीलचा हात वर गेला, पण तिथं दोरी नव्हती. मग त्यानं तळहातानं छताच्या पत्र्यावर एकच जोरात थाप मारली. ड्रायव्हरनं तडक ब्रेक दाबला.

अरुंद रस्ता, एका अंगाला दरी. बस वळवायला जागा नव्हती. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि थांबतो म्हणून खूण केली. सगळे खाली उतरले. शकील प्रत्येकापुढं हात जोडत होता. सगळ्या नोकरीत त्यानं कधी प्रवासी मागं सोडला नव्हता, आणि सोडला तो कोण, तर भगवंतराव. परक्या देशात, परक्या घाटात, खिशात मोबाईल आहे पण त्याला रेंज नाही. एका म्हातारीनं त्याच्या हातात संत्रं ठेवलं. तो ते सोलायचं विसरून हातात धरून उभा राहिला.

मग खालच्या वळणावरून एक पिकअप घरघरत वर आली. मागं पत्ताकोबीचा ढीग, आणि ढिगावर मफलर बांधून, मांडी घालून भगवंतराव. गाडी थांबली तरी ते लगेच उतरले नाहीत. त्यांचा चेहरा शकीलनं असा कधी पाहिला नव्हता. ते हसत होते, दात दिसेपर्यंत.

“कुठं होते तुमी?” शकील ओरडलाच. “जीव चालला होता माहा.”

“तिथं एक लाकडाचा ट्रक होता. एवढ्याशा जाग्यात वळवत होता तो. पाहत राह्यलो.” भगवंतराव कोबीवरून घसरत खाली आले. “वळवला पन त्यानं. अन् शकील, मी उघड्या गाडीत बसून आलो. उलटं तोंड करून. रस्ता पुरा मांगं जाताना दिसते.”

बसमधले लोक टाळ्या वाजवत होते. ड्रायव्हरनं त्यांना पुन्हा पुढं बोलावलं, पण शकीलनं त्यांची बाही धरली आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं. बस निघाली. दोघांनी संत्रं वाटून खाल्लं.

“तुमी पुढं असलात की मले वाटते सगळं बराबर आहे,” शकील म्हणाला. “म्हनून पाह्यलंच नाही. तुमची निस्ती मान पाहाची सवय मले.”

“मले तू आरशात दिसे,” भगवंतराव म्हणाले.

“कोनत्या आरशात?”

“आतल्या. वरच्या.” ते समोर पाहत होते. “तुही माय गेली त्या साली तू तिसऱ्या दिवशी ड्युटीवर आला. आठवते?”

शकीलला आठवत होतं.

“राजूरच्या घाटात तू मांगच्या सीटपाशी जाऊन उभा राह्यला. तोंड मांगं करून. अन् मी गाडी थांबवली.”

“इंजिन तापलं होतं म्हनून. लय वेळ थांबलो होतो तवा. लोक बोंबलले.”

“इंजिन नोतं तापलं,” भगवंतराव म्हणाले.

शकील त्यांच्याकडे पाहत राहिला. त्या दिवशी घाटात तो खाली उतरून एका झाडाआड गेला होता, मनासारखं रडून तोंड धुऊन परत आला होता, आणि मनातल्या मनात त्या तापलेल्या इंजिनाचे आभार मानले होते. त्यानं आपली जागा सोडली आणि भगवंतरावांना खिडकीकडे सरकवलं. भगवंतराव सरकले. थोड्या वेळानं त्यांनी काचेला डोकं टेकलं, आणि मग घोरायला लागले. उतारावर बस भरधाव सुटली होती, वळणावर वळण येत होतं, पण त्यांचा पाय एकदाही हलला नाही.

लुआंग प्राबांगला ते चांगले चार-पाच दिवस राहिले. दोन नद्यांच्या मधलं ते गाव त्यांना फार आवडलं. सकाळी भगव्या कपड्यांतल्या भिक्खूंची रांग निघायची, तेव्हा भगवंतराव लवकर उठून, आंघोळ करून, टोपी घालून रस्त्याच्या कडेला हात जोडून बसायचे. शकील त्यांच्या शेजारी बसायचा आणि रात्री आपण काय पाहिलं ते फोनवर ताहेराला सांगायचा. ताहेराला सगळ्यात जास्त उत्सुकता तिथल्या बायकांच्या विणलेल्या लुंग्यांची होती. तिच्यासाठी दोन घेतल्या. रुखमाबाईंसाठी कोणत्या रंगाची घ्यावी यावर भगवंतरावांनी दुकानात सकाळ घालवली आणि शेवटी समोर काढलेल्या तिन्ही रंगांच्या घेतल्या.

तूर सोंगायच्या आत ते घरी पोचले. पुढच्या रविवारी शकील वडनेरला गेला तेव्हा भगवंतरावांच्या ओट्यावर अर्धं गाव जमलं होतं. लोकांना ऐकायचं होतं. शकीलनं घसा साफ केला, पण त्याच्याआधी भगवंतरावच बोलायला लागले. पुलावर गाड्या बाजू कशा बदलतात, कोबीवर बसून घाट कसा चढतात, सोयाबीनचं दूध कसं लागतं. पाईच्या रस्त्यावर आपण ओकलो, हेही त्यांनीच सांगितलं आणि सगळ्यांआधी तेच हसले. शकील गप्प बसून चहा पीत होता. त्याला आपल्या गप्प बसण्याचीही गंमत वाटत होती.

“मंग आता पुढच्या साली कुठं?” कोणीतरी विचारलं.

“व्हिएतनाम,” भगवंतराव म्हणाले. “तिकडं बी डोंगरातून बसा जातेत. नाजिशनं दाखवल्या.”

शकीलला हे आत्ताच कळत होतं. तो काही विचारणार, तेवढ्यात रुखमाबाई दारात आल्या. लाओसची निळी लुंगी त्यांनी लुगड्यावरून खांद्यावर घेतली होती. त्या म्हणाल्या, “त्या खेपेले मी बी येईन. तूर कोनीबी सोंगीन.”

भगवंतरावांनी बायकोकडे पाहिलं, टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते रुखमाबाईंना नांदुऱ्याला घेऊन गेले, पासपोर्टचे फोटो काढायला.